प्रेताचा श्वास मोजणारी माणसं

वाईट पिक्चर निवडणं हे चांगला पिक्चर निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. असं म्हटलं की लोक मला वेड्यात काढतात. म्हणतात, वाईट काय, ढिगानं पडलेत. अहो, बाजारात भेंडीही ढिगानं पडलेली असते. पण शेंडा मोडून बघितल्याशिवाय आमची मंडळी एक तरी पिशवीत टाकते का? मुद्दाम वाईट काढलेला पिक्चर आमच्या कामाचा नाही. आळसानं काढलेलाही नाही. आम्हाला लागतो नवस बोलून, घाम गाळून, जीव ओतून वाईट काढलेला पिक्चर. त्यातली माणसं मनापासून रडली तरच बघणारा पोट धरून हसतो.

हा कसला धंदा, असं ज्यांना वाटलं त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर जुना, पडलेला पिक्चर चालू असतो. पडद्याच्या डाव्या अंगाला दोन खुर्च्या आणि दोन माइक. एकावर मी, दुसऱ्यावर सुमनताई. पिक्चरमधली माणसं बोलायची थांबली की मधल्या फटीत आम्ही बोलतो. नायक दारात उभा राहून ओरडतो, "आई, मी आलो!" आई दार उघडायच्या आत सुमनताई म्हणतात, "पाय धू आधी." झालं, एवढंच. पण ती फट सापडली पाहिजे. चहात बिस्कीट बुडवण्यासारखं आहे ते. लवकर काढलं तर कोरडं, उशीर झाला तर बुडालं.

सुमनताई म्हणजे शेणव्याच्या निवृत्त अंगणवाडीताई. तीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी बाई, तिला पिक्चरमधला डाकू काय जड! लॅपटॉप सांभाळतो बबन, एसटीचा निवृत्त मेकॅनिक. तो दिवसभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन चहाबद्दल असतात. आणि मी मुरबाडचा मंडप-लाउडस्पीकरवाला. म्हसाच्या जत्रेत "अमक्या गावच्या अमक्या, तुमची सासू पाळण्यापाशी उभी आहे, घेऊन जावे" असं माइकवरून सांगण्यात माझी उमर गेली. "घेऊन जावे"च्या पुढं "न्यायचीच असेल तर" असं मी एकदा बोलून गेलो आणि अख्खी जत्रा हसली. सासूसुद्धा हसली. तिथंच मला ह्या धंद्याची चव लागली म्हणा ना.

धंदा मुलानं हातात घेतल्यावर मी घरात नुसता सल्ले देत बसायला लागलो, तेव्हा घरच्यांनीच मला बाहेर काढलं. शहापूर-मुरबाड रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. आषाढात मुहूर्त संपले की तुळशीच्या लग्नापर्यंत तिथं कुत्रं फिरकत नाही. मालक ओळखीचा. म्हणाला, "रविवारी दुपारी काय धिंगाणा घालायचा तो घाला, पण हॉल झाडून द्या." आम्ही नाव ठेवलं 'पडेल पिक्चरची पंगत'. पहिल्या रविवारी आमचेच नातेवाईक होते, तेही जेवणाच्या आशेनं आलेले. आता खुर्च्या कमी पडतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका नवरदेवाच्या बापानं हळदीच्या दुपारी आम्हाला बोलावलं आणि म्हणाला, पिक्चर नको, माझ्याच लग्नाची जुनी कॅसेट लावा आणि तिची पिसं काढा. आम्ही काढली. त्यात त्याची आत्या एकामागून एक लाडू तोंडात कोंबत होती. मी म्हणालो, "ह्या मुलीकडच्या की मुलाकडच्या? नाही, ह्या लाडूकडच्या." आत्या मांडवातच बसलेली होती हे मला कुणी सांगायला नको होतं का? ती उठली आणि तिनं माझ्या तोंडात खरोखरीचा लाडू कोंबला, बोलती बंद. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तिचाच होता. दुसरे एक गृहस्थ दर रविवारी पहिल्या रांगेत बसायचे आणि लोक हसत असताना डोळे पुसायचे. विचारलं तर म्हणाले, "तुमचं चालू द्या हो. मला खरंच वाईट वाटतं त्या हिरॉइनचं." अशा माणसाला काय करणार! आम्ही त्यांना पास फुकट दिला.

आमचा एक नियम आहे, सुमनताईंनी घातलेला. टिंगल मोठ्यांची करायची. नायक, व्हिलन, लांबलचक भाषण लिहिणारा, डोंगरावर गाणं घेणारा, ह्यांना सोडायचं नाही. पण गर्दीत उभी असलेली गरीब माणसं, दोन वेळच्या जेवणावर आलेली, त्यांच्या कपड्याला, रंगाला, चेहऱ्याला हात लावायचा नाही. नियम आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळला. मात्र आणखी एका माणसालाही तो लागू आहे हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. कारण तो माणूस पिक्चरमध्ये मेलेला होता. प्रेताला कोण नातेवाईक असणार!

तो पिक्चर म्हणजे आमचा हुकमाचा एक्का. डाकूंचा आहे. नाव लिहीत नाही, कारण तो काढणाऱ्याची नातवंडं भली माणसं आहेत. परवानगी मागायला गेलो तर म्हणाली, "दाखवा, काय वाटेल ते बोला, पण आजोबांचं नाव तेवढं घेऊ नका." चाळीसेक वर्षांपूर्वी वैशाखऱ्याच्या बाजूला, नदीकाठी आणि घाटाच्या पायथ्याला त्याचं शूटिंग झालं होतं. त्यात नायकाच्या म्हाताऱ्या बापाला डाकू मारतात. पुढच्याच सीनला बाप तिरडीवर. आणि गंमत अशी की तिरडीवरचा बाप पोरापेक्षा तरुण. मिशी काळी कुळकुळीत, गालावर सुरकुती नाही. नायक त्याच्यापाशी बसून बदल्याची शपथ घेतो, आणि घेतो म्हणजे घेतच राहतो. तेवढ्यात प्रेताचं पोट खाली-वर, खाली-वर. तिथं सुमनताई हळूच म्हणायच्या, "मरण मानवलं हो तुमच्या वडिलांना!" हॉल डोक्यावर घ्यायचे लोक.

श्वास मोजायची पद्धत मात्र आमची नाही. ती शेणव्याहून आलेल्या बायकांनी पाडली. एका रविवारी पोट वर आलं तशी मागून एकजण ओरडली, "एक!" दुसरीनं लगेच "दोन!" त्यानंतर प्रत्येक खेळाला अख्खा हॉल मोजायचा. अकरा श्वास व्हायचे, मग अग्नी द्यायचा सीन. लोक खास त्या अकरासाठी पाहुण्यांना घेऊन यायचे.

एकदा खेळ संपल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो. कार्यालयात भांडी घासायला आणि झाडलोट करायला हिरा म्हणून बाई आहे, वैशाखऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरची. अबोल. ती झाडू घेऊन माझ्यापाशी आली आणि नुसतीच उभी राहिली.

मी म्हणालो, "काय गो हिरा, काय पायजे?"

म्हणाली, "भाऊ, तुमी ज्याचा श्वास मोजता नं, तो माझा बाप हाय."

बबननं हातातली वायर खाली ठेवली.

हिरा शांतपणे सांगत होती. भांडी घासताना तिला दर वेळी मोजणी ऐकू यायची, पण बघायला सवड नव्हती. त्या दिवशी पाणी गेलं म्हणून ती दारात उभी राहिली. पडद्यावर तिरडी पायाच्या बाजूनं दाखवतात, मोठे थोरले दोन तळवे. डाव्या पायाला करंगळी नाही. तिची आई, बुधीबाय, तिला लहानपणापासून सांगत आलेली, की तुझ्या बापाची डाव्या पायाची करंगळी कोयत्यानं गेली होती, आणि तो एकदा पिक्चरमंदी तिरडीवर झोपला होता. वाडीत करंगळी आणि तिरडी सगळ्यांना ठाऊक होती, पण तो पिक्चर कुणी कधी बघितलेला नव्हता.

तो तिरडीवर झोपला कसा, तेही तिनं सांगितलं. बापाचं काम करणारा खरा नट तिरडी बघून चालता झाला. जित्तेपणी तिरडीवर झोपणं अशुभ, कोण झोपेल? गावातलं कुणीही तयार होईना. तेव्हा बुधीबाय पोटुशी होती, घरात दाणा नव्हता, आणि शूटिंगवाले पोटभर जेवायला घालत होते. तीच नवऱ्याला म्हणाली, "जा. झोपायचंच तं हाय." तो गेला, झोपला, जेवला, आणि फडक्यात बांधून तिच्यासाठी भात-मटणही घेऊन आला. दिवाळीनंतर तो लांब कुठं वीटभट्टीवर गेला. बुधीबायला दिवस भरत आलेले म्हणून ती मागं राहिली. तो तिकडंच तापानं गेला. इकडं निरोप पोचेपर्यंत भट्टीवाल्यांनी त्याला जाळूनही टाकलं होतं. बुधीबायनं ना तोंड बघितलं, ना तोंडात पाणी घातलं. आणि मग गाव म्हणायला लागलं, जित्ता तिरडीवर झोपला म्हणून गेला. त्याला धाडलं कोणी? बायकोनं.

"आज पन म्हनतात," हिरा म्हणाली. "भांडण झालं की पयला तोच शब्द."

मला अपराधी वगैरे वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. बाई आता रडेल, ओरडेल, आणि तिचं बरोबर असेल. मी घाईघाईनं म्हणालो, "आम्ही तो पिक्चर बंद करतो."

ती एकदम तापली. "बंद नका करू! आईला बघायचाय."

आता आली पंचाईत. बुधीबायच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. उजेड, सावली, मोठं काही हललं तर तेवढं कळतं. हिरानं मोबाइलवर दाखवून बघितलं, म्हातारीला ठिपकासुद्धा दिसला नाही. म्हणजे पडद्यावरच दाखवायला हवा. मी म्हटलं, सोपं आहे, सकाळी हॉल रिकामा असतो, गाडीनं घेऊन येतो, निवांत दाखवतो. आम्ही तिघं वाडीवर तिला सांगायला गेलो.

बुधीबाय ओटीवर बसलेली. काटकीसारखी बाई, पण आवाज खणखणीत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकटीनं कोन मयताला बसतं रं? चार मानसं नकोत?"

मी म्हणालो, "आजी, ती माणसं हसायला येतात."

"येऊ देत. माझा मानूस मेला तवा चार मानसं पन नव्हती त्याच्यापाशी. आता आख्खा हॉल हाय म्हनतं हिरा. मला त्याचं तोंड चारचौघांत बघायचंय. आनि पानी घालायचंय. तुमी न्हेमी करता तसं करा."

परतीच्या वाटेवर सुमनताईंचं आणि माझं जुंपलं. त्या म्हणाल्या, "लोकांना आधी सांगू या, दत्ताभाऊ. लोक काही राक्षस नाहीत, गप्प बसतील." मी म्हणालो, "सांगितलं तर ती शोकसभा होईल. सगळे माना खाली घालतील, आणि तिला काय कळणार? तिला दिसत नाही. आणि तिनंच सांगितलंय, नेहमीसारखं करा." "आणि लोक हसले, तिचा जीव दुखावला, तर? चाळीस वर्षं गावानं खाल्लंय तिला. वर आपणही?" शेवटी ठरलं ते असं, की आम्ही दोघांनी त्या सीनला तोंड उघडायचं नाही. हॉलचं काय ते हॉल बघेल. बबन म्हणाला, "चहा घेऊ."

रविवारी हॉल गच्च. लग्नात नवरा-नवरीला बसायला तांबड्या मखमलीचा कोच असतो, तो मी पडद्यासमोर आणून ठेवला आणि त्यावर बुधीबायला आणि हिराला बसवलं. बाईनं लुगडं धुऊन नेसलेलं. मांडीवर तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. लोकांना वाटलं, आमचाच काहीतरी विनोद असणार. दोघं-चौघं कोचाकडं बघून हसलेसुद्धा. मी जत्रेत हजारोंपुढं बोललेला माणूस. पण त्या दिवशी पहिल्या तासात तीन फटी चुकवल्या.

सीन आला. डाकू गोळी घालतो, म्हातारा बाप पडतो, आणि तिरडी. मोठे दोन तळवे, मग चेहरा. सुमनताईंनी माइक मांडीवर उलटा ठेवला. हॉल थबकला, त्यांना "मरण मानवलं" हवं होतं. ते आलं नाही. हिरा आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आये, समोर हाय." म्हातारीनं मान पुढं काढली. डोळे बारीक केले, मोठे केले. मग म्हणाली, "नुसतं पांढरंच दिसतं गो. तोंड कुठं हाय?"

हिरानं आईचं बोट धरून पडद्याकडं वळवलं. आणि तेवढ्यात मागून, सवयीनं, शेणव्याच्या बायकांनी आवाज दिला, "एक!"

मी डोळे मिटून घेतले.

"दोन!" हॉलनं धरलं. "तीन!"

म्हातारीनं मान वळवली. "काय मोजतात गो?"

"बाबाचा श्वास मोजतात, आये," हिरा म्हणाली. "त्याचं पोट हालतंय. श्वास घेतोय तो."

"मेलेला?"

"मेलेला नाय गो! झोपलाय. जित्ता हाय."

"चार! पाच!" लोक दणक्यात मोजत होते. बुधीबायनं हिराचा हात धरला आणि प्रत्येक आकड्याला तो खाली दाबायला लागली. सहा, सात. पडद्याच्या उजेडात मला तिचं तोंड दिसत होतं. ती ऐकत होती. चाळीस वर्षं जे कुणी तिला सांगितलं नव्हतं, ते अडीचशे माणसं ओरडून सांगत होती. पुढच्या रांगांचा आवाज मात्र कमी होत गेला. तिथल्यांना कोचावर काय चाललंय ते दिसत होतं. नऊला अर्धा हॉल राहिला. अकराला फक्त मागच्या बायका.

पुढं अग्नीचा सीन. बबननं तो यायच्या आत बटण दाबलं. पिक्चर जागच्या जागी थांबला. त्याच्या मनात चांगलंच होतं, पण पोटही थांबलं.

सगळीकडं शांत. म्हातारी घाबरली. "का थांबले? का थांबला तो?"

बबन आयुष्यात पहिल्यांदा धांदरला. त्यानं पिक्चर मागं नेला आणि पुन्हा तिरडीपासून लावला. पोट वर आलं. हॉलमध्ये एवढी माणसं, पण "एक" म्हणायला कुणाचा आवाज निघेना. हिरानं आईचा हात हातात घेतला आणि दाबला.

बुधीबाय मोठ्यानं म्हणाली, "बारा!"

माझ्या शेजारून सुमनताई माइकशिवायच म्हणाल्या, "तेरा." मग मी म्हणालो. मग अख्खा हॉल म्हणाला. बबन मागं नेत राहिला आणि आम्ही पुढं मोजत राहिलो. कितीपर्यंत गेलो ते मला विचारू नका. कुणी हसत नव्हतं आणि कुणी रडतही नव्हतं. मोजताना माणसाचं तोंड दुसऱ्या कामाला रिकामं नसतं.

मग म्हातारीनंच हात वर केला. "बास. दमला असेल."

आणि हसली. बोळकं तोंड उघडून, खांदे हलवत हसली. "ह्याला कंदी कुठलं काम नीट जमलंच नाय बाय! नुसतं मेल्यावानी पडायचं होतं, त्ये पन जमलं नाय. आनि गाव म्हनतं, तिरडीवर मेला!" तेव्हा हॉल हसला. तसा हशा मला आजवर घेता आलेला नाही, आणि ह्यापुढं येईल असंही वाटत नाही.

दिवे लागले. लोक उठेनात. हिरानं तांब्यावरचं फुलपात्र उचललं, भरलं आणि म्हणाली, "आये, पानी घालतीस ना? चल, पडद्यापाशी नेते."

"कोनाला?" बुधीबाय म्हणाली. "श्वास घेतोय नं तो? जित्त्या मानसाला कशाला घालतात?"

तिनं ते फुलपात्र हातात घेतलं आणि घटाघट स्वतःच प्याली. मग चाचपडत तांब्यातलं उरलेलं पाणी त्यात ओतलं आणि माझा आवाज ज्या बाजूनं यायचा त्या बाजूला धरलं.

"घ्या, तुमी पन प्या," म्हणाली. "लय बोलता."